हे स्पॅम नाही

एका मोठ्या दवाखान्याच्या मेल सांभाळायचं तिचं काम होतं. सकाळी ऑफिसात आल्यावर चहाच्याही आधी ती स्पॅमचा फोल्डर उघडायची. लॉटऱ्या, टक्कल घालवणारी तेलं, परदेशातली लग्नाळू स्थळं, आणि त्या गर्दीत अडकलेला एखाद्या पेशंटचा रिपोर्ट. तो बाहेर काढून ती 'हे स्पॅम नाही' हे बटण दाबायची. तेवढ्यापुरती स्पॅम अडवणारी गाळणी शहाणी व्हायची.

त्याच गर्दीत तिच्या बाबांची मेल असायची. बाबा हवामान खात्यातून निवृत्त झालेले. बाल्कनीत टांगलेल्या थर्मामीटरचा फोटो रोज सकाळी तिला पाठवायचे. विषयाच्या जागी नुसता आकडा, आत फोटो, शब्द एकही नाही. गाळणीला संशय यायला आणखी काय हवं?

"तुझे बाबा आणि टकलाचं तेल, रोज एकाच डब्यातून प्रवास!" शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणायचा. आवाजामुळे सगळे त्याला भोंगा म्हणत. "अगं, त्यांचा पत्ता परवानगीच्या यादीत टाक ना. मिटलं."

"ती लबाडी झाली. गाळणीनं स्वतः शिकायला हवं."

बाबांनाही ते पटलेलं. "मला वशिल्यानं आत घेऊ नकोस हं," ते फोनवर हसून म्हणायचे.

ऐन उन्हाळ्यात बाबा गेले. झोपेतच. ती आईला आपल्या घरी घेऊन आली. बाबांचा फोन आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला थर्मामीटर तिनं स्वतःच्या कपाटात ठेवला.

कामावर परतली त्या सकाळी स्पॅममध्ये बाबांची मेल होती. विषय : ११.

कुठेतरी अडकलेली जुनी मेल असेल, म्हणून तिनं मेलचा माग काढला. ती त्याच सकाळी बाबांच्या फोनवरून निघाली होती. संध्याकाळी तिनं कपाट उघडून पाहिलं. फोनची बॅटरी केव्हाच संपलेली. फोटोतला थर्मामीटर मात्र तोच, टवका उडालेल्या लाकडी पट्टीचा. फक्त त्याच्या मागे बाल्कनीची भिंत नव्हती. काहीच नव्हतं. आणि बाहेर तर रस्त्यावरचं डांबर वितळत होतं.

सवयीनं तिनं बटण दाबलेलं होतं. दुसऱ्या दिवशी आकडा आला १३. मग १४. आईला बँकेत न्यायचं म्हणून तिनं सुट्टी घेतली, तेव्हा बटण दाबायचं राहिलं. पुढची मेल ८ ची.

योगायोग असेल, असं तिच्यातल्या शास्त्राच्या विद्यार्थिनीनं म्हटलं. म्हणून तिनं एकदा मुद्दाम बटण दाबलं नाही.

५.

तो प्रयोग तिनं पुन्हा केला नाही. कीबोर्डवर डोकं टेकून ती बराच वेळ रडली. भोंग्यानं पाण्याचा पेला जवळ सरकवला.

त्या दिवशी तिनं बाबांचा पत्ता परवानगीच्या यादीत टाकला. मेल थेट इनबॉक्समध्ये येऊ लागली. पारा चढत गेला. १९ झाले, २६ झाले. ती पुन्हा पोटभर जेवू लागली, ऑफिसात हसू लागली.

"पंखा बंद कर गं," एका दुपारी आई म्हणाली. अंगात स्वेटर, वर शाल.

"आई, घामाच्या धारा लागल्यात मला!"

"मला हुडहुडी भरलीये. हात बघ माझे."

हात बर्फासारखे होते. डॉक्टरांनी तपासलं, रक्त काढलं, अशक्तपणा म्हणाले, गोळ्या दिल्या. इनबॉक्समध्ये २९ आले, तेव्हा आईला चमचा धरवेना. ३१ आले, तेव्हा तिचे ओठ निळसर दिसले.

ऊब आपोआप तयार होत नाही, हे ती शाळेत असताना बाबांनीच तिला शिकवलं होतं. ती कुठून तरी यावी लागते.

त्या दिवशी ती घरूनच काम करत होती. आई पलंगावर दोन रजयांखाली.

"आई, बाबांना थंडी सोसायची का गं?"

"छे! नाक लालभडक व्हायचं. दात वाजायचे." आईचेही वाजत होते. "पण आकडा घ्यायला जायचेच. लेक वाट बघत असेल म्हणायचे."

तिनं लॅपटॉप मांडीवर ओढला. यादीत बाबांचा पत्ता सगळ्यात वर होता.

तिनं तो काढला.

संध्याकाळपर्यंत आईनं रजया बाजूला सारल्या. "किती उकडतंय! आणि तू अशी रडवेली का? मी बरी आहे ना आता."

"हो," ती म्हणाली. पंखा लावला.

पुढची मेल स्पॅममध्ये आली. ती बटणापर्यंत बोट न्यायची आणि मागे घ्यायची. २०. १२. ३. आई स्वयंपाकघरात गुणगुणत होती.

मग आकडा शून्याखाली गेला.

त्या मेलमधला फोटो तिनं मोठा करून पाहिला. थर्मामीटरची काच वाफेनं धूसर झाली होती, कुणी अगदी जवळ वाकून श्वास सोडल्यासारखी. आणि पारा होता तेवढी जागा, तिला आकडा नीट वाचता यावा म्हणून, अंगठ्यानं पुसलेली होती.