एकवीस तासांचं तिकीट

रविवारी साडेचारला ऋजुता टोरोंटोहून चहाला आली आणि सहाला परत निघाली. नागपूर ते टोरोंटो अंतर साडेबारा हजार किलोमीटर. कमानयानानं बावन्न मिनिटं. हे यान वातावरणाच्या वर झेप घेतं आणि उंच फेकलेल्या चेंडूसारखं थेट पलीकडे उतरतं.

दारात कुमुदिनीबाईंनी लेकीच्या हातावर दही ठेवलं. गेलेलं माणूस पोचेपर्यंत घर झाडायचं नाही, ही बाईंच्या देवपुजारी घराण्यातली रीत. बाईंनी तीस वर्षं विमानतळावर उड्डाणांची आखणी केली होती. अंतर, वारा, इंधन मांडून त्या विमानाची वेळ अचूक काढायच्या. घरी मात्र ‘पोचले’ असा फोन येईपर्यंत त्यांनी कधी केरसुणीला हात लावला नाही.

पूर्वी टोरोंटोला एकवीस तास लागत. महिनाभर राहून गेलेल्या लेकीचे कंगव्यातले केस, नातवानं सांडलेला चिवडा, सगळं दुसऱ्या दिवसापर्यंत तसंच पडून असायचं. त्या पसाऱ्यातून हिंडत बाई पोटभर रडून घ्यायच्या. फार गोड रडणं होतं ते! आता चहाची भांडी विसळून जरा टेकावं, तर ‘पोचले’ हजर. आणि झाडायला केर तरी कुठे होतो? सहा वर्षांत ऋजुता या घरात एक रात्रही झोपली नव्हती. ‘कधीही येता येतं’ म्हणता म्हणता तिचं राहणंच बंद झालं होतं.

सातच्या सुमारास फोन आला.

“पोचले गं, आई.”

“ऐक. पंचवीस तारखेला मी येते आहे तुझ्याकडे. साध्या विमानानं.”

“काय करून राहिलीस आई तू! ती विमानं महिनाअखेर बंद होताहेत. एकवीस तास बसशील? गुडघे धरतील तुझे. बावन्न मिनिटांत येता येतं, तर काहून हा हट्ट?”

“बावन्न मिनिटांत आले, तर चहा पाजून वाटेला लावशील. तू तरी काय, विस्तव न्यायला आल्यासारखी येतेस अन् जातेस. एकवीस तास प्रवास करून आलेल्या आईला कोणी लगेच परत पाठवत नाही, बाई.”



“आई, आमच्याकडे जास्तीची गादीच नाही,” ऋजुता हळूच म्हणाली. “इथं आता कोणाकडेच नसते. राहायला येतं कोण?”

आपण भलतंच मागून बसलो, असं वाटून बाई ‘बरं, राहू दे’ म्हणणार होत्या.

“तू नको येऊस,” ऋजुता म्हणाली. “पंचवीसला मीच येते, त्याच विमानानं. पण खरं सांग आई, एकवीस तासांनी आले, तर किती दिवस ठेवून घेशील मला?”