एकशे नव्व्याण्णव पायऱ्यांच्या वर

सोमवारी सकाळी अकानिसीने नेहमीप्रमाणे पर्यटन कचेरीचं दार उघडलं, खिडकीत चिकटवलेला मागच्या आठवड्याच्या फेऱ्यांचा कागद काढला आणि नवा लावला. समोर समुद्र शांत होता. मासळीच्या कारखान्याचा वास वाऱ्याबरोबर येत होता, जात होता. बोटीला अजून तासभर अवकाश होता.

लेवुका हे बेटावरचं जुनं बंदर बघायला येणाऱ्यांना गावातून हिंडवून आणायचं, हे तिचं बावीस वर्षांचं काम. समुद्राच्या भिंतीपासून सुरुवात करायची, मग लाकडी दुकानांची रांग, जुन्या दर्यावर्दींची थडगी, चर्चचं घड्याळ, आणि शेवटी मिशनच्या टेकडीवर जाणाऱ्या एकशे नव्व्याण्णव पायऱ्या. चर्चचं घड्याळ दर तासाचे ठोके दोनदा देतं, मध्ये मिनिटभर थांबून. पाहुणे विचारायचे, असं का? अकानिसी सांगायची, "एकदा गावासाठी, एकदा झोपलेल्या पाद्रीबुवांसाठी." पाहुणे हसायचे. गावातला एकेक दगड तिच्या ओळखीचा होता, आणि याचा तिला थोडा तोराही होता.

ती कागद लावत असतानाच न्यूझीलंडचं एक म्हातारं जोडपं निरोप घ्यायला आलं. आदल्या दिवशी तिनेच त्यांना फिरवलं होतं.

"सगळं आवडलं हो," बाई म्हणाल्या. "पण ते वरचं कुंड! त्याची सर कशालाच नाही."

"कुठलं कुंड?"

"पायऱ्या संपल्यावर उजव्या हाताला. तुम्ही खाली थांबलात, आम्ही दोघंच पुढे गेलो, तेव्हा. तुमच्या बहिणीने करवंटीतून पाणी दिलं. काय गार पाणी! बिचारी आंधळी आहे, पण सगळं कसं चाचपून बरोबर करते."

"मला बहीण नाही," अकानिसी म्हणाली.

म्हातारा हसला. "मग तुमचं नाक चोरलंय तिने. आणि कपाळही."

बोट आली, ती दोघं गेली. अकानिसीने मनाशी म्हटलं, टेकडीवरच्या शाळेमागची पावसाच्या पाण्याची टाकी बघून आले असतील, आणि तिथे शाळेची झाडूवाली असेल. म्हाताऱ्या माणसांची नजर ती काय.

पण पंधरा दिवसांनी राजधानीहून, सुवाहून, आलेला कॉलेजातला एक विद्यार्थी तेच बोलला. मग एक जर्मन बाई. मग ऑस्ट्रेलियाचे तिघे भाऊ, ज्यांचं एरवी कशावरच एकमत होत नव्हतं. सगळ्यांनी सांगितलेली जागा एकच. काळ्या दगडाचं चौकोनी कुंड, कडेला पांढऱ्या चाफ्याचं झाड, मागे कुणाच्या तरी पडलेल्या घराचा चौथरा. कुंडापाशी अकानिसीच्या वयाची बाई, डोळे घट्ट मिटलेले. ती फारसं बोलत नाही. पाणी देते, आणि जाताना प्रत्येकाला एकच विचारते. ती खाली आहे का अजून?

"कोण ती?" अकानिसीने त्या भावांना विचारलं.

"आम्हाला वाटलं, तुम्ही," थोरला म्हणाला. "आम्ही हो म्हणून सांगितलं. चुकलं का काही?"

घरी तिने नवऱ्याला, एपेलीला, हे सांगितलं. तो कारखान्यातून आला होता, पाय पसरून नारळाच्या दुधात शिजवलेली दालोची, म्हणजे अळूची, पानं खात होता. त्याला हसू आवरेना.

"अगं, गावाची मास्तरीण तू! आणि आख्ख्या जगाला दिसतं ते तुलाच ठाऊक नाही?"

"चेष्टा नको करू. चल माझ्याबरोबर रविवारी."

रविवारी प्रार्थना झाल्यावर दोघं चढली. अकानिसीने पायऱ्या मोजल्या. एकशे नव्व्याण्णव. उजव्या हाताला पायवाटेसारखं काहीतरी होतं खरं, पण वीस पावलांवर ते बोरूच्या गवतात मिटून गेलं. पुढे चिखल, बांबूचं बेट, आणि मग उभा कडा. एपेलीने कोयत्याने थोडं गवत छाटलं. कुंड नाही, चाफा नाही, चौथरा नाही.

"डुकरांची वाट आहे ही," तो म्हणाला. "चल, भूक लागली."

परतताना अकानिसीला वाटलं, चाफ्याचा वास येतोय. तिने एपेलीला विचारलं. त्याने नाक वर करून हुंगलं आणि मान हलवली.

जुलैत टास्मानियाहून ऑड्री नावाच्या एक बाई आल्या. जन्मभर इस्पितळात परिचारिका होत्या, आता निवृत्त. सरळ, खणखणीत, वायफळ न बोलणाऱ्या. दोन आठवडे राहणार होत्या. चौथ्या दिवशी त्याही कुंडाचं बोलल्या, तेव्हा अकानिसीने त्यांचा हातच धरला.

"मला घेऊन चला. तुम्ही पुढे, मी मागे."

ऑड्रीबाईंना नवल वाटलं, पण त्या निघाल्या.

दुपारचे दोन वाजले होते. ऊन लख्ख होतं. पायऱ्या चढताना खालचं गाव नेहमीसारखं ऐकू येत होतं. कुणीतरी पत्र्यावर हातोडी मारत होतं, कुत्रं भुंकत होतं. पायऱ्या संपल्या, ऑड्रीबाई उजवीकडे वळल्या, आणि अकानिसीच्या लक्षात आलं की हातोडी थांबली आहे. कुत्रंही. झाडांतले किडेसुद्धा. कारखान्याचा वास नाहीसा झाला होता आणि त्या जागी ओल्या दगडाचा वास होता, विहिरीत वाकल्यावर येतो तसा.

एपेलीने छाटलेल्या गवताचे बुंधे ओलांडून ऑड्रीबाई थांबल्या.

"पोचलो," त्या म्हणाल्या आणि गवतात बसल्या. ओट्यावर बसावं तशा, पाय सोडून. गवताखाली दगड असेल, असं अकानिसीने स्वतःला समजावलं. तिला गवताशिवाय काही दिसत नव्हतं.

ऑड्रीबाईंनी दोन्ही हात पुढे केले, काहीतरी घेतलं, तोंडाला लावलं. रिकामे हात. पण त्यांच्या हनुवटीवरून पाणी ओघळलं आणि ब्लाउजचा गळा भिजला.

"ही आली आहे बरं का आज," त्या समोर बघत कौतुकाने म्हणाल्या. मग ऐकत राहिल्या. ऐकताना त्यांचा चेहरा हळूहळू बदलला.

"काय... काय म्हणते?" अकानिसीने विचारलं.

"तुम्हाला ऐकू येत नाही? इथेच तर बसली आहे."

"तुम्ही सांगा."

"म्हणते, तू इथे आली होतीस. लहान होतो आपण दोघी. तू म्हणालीस, डोळे मीट, शंभर आकडे मोज, मी लपते." ऑड्रीबाई थांबल्या. "म्हणते, शंभर केव्हाच झाले. मग तिने पुन्हा मोजले. तू हाक मारलीच नाहीस... हाक मारल्याशिवाय उघडायचे नाहीत, असं ठरलं होतं म्हणे."

गवताची पाती हलत नव्हती.

"ती विचारते," ऑड्रीबाई अगदी खालच्या आवाजात म्हणाल्या, "आता डोळे उघडू का?"

अकानिसी पळाली. पायऱ्या कशा उतरली, ते तिला नंतर आठवेना. खाली आली तेव्हा हातोडी चालू होती, कुत्रं भुंकत होतं, आणि घड्याळ तीनचे ठोके दुसऱ्यांदा देत होतं. पहिले ठोके तिने ऐकलेच नव्हते.

थोड्या वेळाने ऑड्रीबाई उतरल्या. जरा नाराजच होत्या. "उत्तर तरी द्यायचं होतं तिला," एवढंच म्हणाल्या.

अकानिसीने सुवाला भावाला फोन लावला. तेविता तिच्याहून सहा वर्षांनी मोठा. आईवडील जाऊन बरीच वर्षं झाली होती, लहानपणीचं सांगणारा तोच एक उरला होता.

"दादा, मी लहान असताना माझ्याबरोबर कोण खेळायचं?"

"तुझ्याबरोबर? कोण नाही. एकलकोंडी होतीस तू. घरात आपण दोघंच, तू आणि मी. हे काय आज मध्येच?"

"असंच. मिशनच्या टेकडीवर जायचो का आपण?"

"जायचो की. आई कपडे धुवायला न्यायची. तुमच्या वेण्या घालून द्यायची, आणि मग मी तुम्हाला घेऊन..." तो थांबला.

"तुमच्या?"

"तुझ्या. तुझ्या म्हटलं मी."

"तुमच्या म्हणालास, दादा."

मग तेविता म्हणाला, "चार वेण्या. आई रिबिनी तोडायची ना, चार तुकडे... एका पोरीला चार वेण्या कशाला घालेल कुणी, नीसी?" त्याचा आवाज चिडका झाला. "काहीतरी विचारत बसतेस! डोकं दुखायला लागलं माझं. दोघंच होतो आपण. ठेव."

तिने फोन ठेवला. मग ती पाद्रीबुवांकडे गेली. त्यांनी बाप्तिस्म्याची जुनी वही काढून दाखवली. त्या दिवशीचं नाव एकच होतं, अकानिसीचं. खाली दुसरं नाव नव्हतं, खोडलेलं नव्हतं, पान फाटलेलं नव्हतं. तिला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. एका मुलीला माणूस विसरू शकतं का? आणि विसरलंच, तर सगळं गाव एकदम कसं विसरेल? आणि तशी कुणी नव्हतीच, तर मग आपलं कुणी हरवल्यासारखं का वाटतंय? रात्रभर ती याच तीन प्रश्नांभोवती फिरत राहिली. एपेली म्हणाला, सुट्टी घे, सुवाला जाऊन डॉक्टरला दाखवू. तो आता चेष्टा करत नव्हता.

आठ दिवसांनी ऑड्रीबाई गेल्या. त्यांची बोट दिसेनाशी झाली तशी अकानिसीने घरून यांगोनाच्या, मानाचं पेय करतात त्या झाडाच्या, मुळांची जुडी घेतली. त्या बेटावर कुणाची माफी मागायला रिकाम्या हाताने जात नाहीत. भर दुपारी ती एकटीच पायऱ्या चढली, उजवीकडे वळली, आणि त्या गवतासमोर मांडी घालून बसली. जुडी पुढे ठेवली.

काही दिसलं नाही, पण भोवतालचा आवाज मागच्यासारखाच बंद झाला.

"मला तू आठवत नाहीस," ती म्हणाली. "देवाशपथ आठवत नाहीस. तू कोण, तुझं नाव काय, मला काही माहीत नाही. पण मी तुला इथे ठेवून गेले असेन, तर चुकले." नसलेल्या माणसासाठी रडू येतंय, याचंच तिला आश्चर्य वाटत होतं. "खेळ संपला. उघड डोळे. चल घरी."

काही झालं नाही. थोड्या वेळाने किडे पुन्हा ओरडायला लागले. जुडी तिथेच ठेवून ती उतरली. अंग हलकं झालं होतं. त्या रात्री तिला गाढ झोप लागली.

पुढच्या फेरीत कुणी कुंडाचं बोललं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. ऑगस्ट संपत आला आणि अकानिसी पुन्हा पूर्वीसारखी पाद्रीबुवांच्या झोपेवर विनोद करू लागली. एपेलीने सुवाच्या डॉक्टरचं नाव काढणं सोडलं.

मग एका बुधवारी दोन कॅनेडियन मुली नकाशा परत करायला आल्या.

"वरचं ते दगडी कुंड किती सुंदर आहे! नकाशात का दाखवत नाही तुम्ही?"

अकानिसीने टेबलाची कड धरली. "तिथे कुणी होतं?"

"नाही, कुणीच नाही. नुसतं पाणी आणि चाफ्याचं झाड." एकीने दुसरीकडे पाहिलं. "ओली पावलं मात्र होती. कुंडातून निघून पायऱ्यांकडे गेलेली. आम्हाला वाटलं, कुणी आत्ताच पोहून उतरलं असेल."

अकानिसीने त्यांचे आभार मानले, नकाशे खणात ठेवले, आणि चार वाजायच्या आतच कचेरी बंद केली. गोंधळून जायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. सरळ घरी जायचं, चहा टाकायचा, एपेलीची वाट बघायची. किनाऱ्याचा रस्ता नेहमीचा होता. शाळा सुटली होती. दुकानांच्या पायरीवर बायका गप्पा मारत होत्या. त्यांनी तिला हात केला, तिने त्यांना केला.

वळणावर होड्या दुरुस्त करणारा सायलोसी सावलीत बसला होता. ऐंशीचा म्हातारा. जाता-येता प्रत्येकाला टोमणा मारल्याशिवाय त्याला करमत नसे.

"लवकर सुटलात आज!" तो ओरडला. "काय गं, कुठे निघालात दोघी?"

अकानिसी थांबली. मागे वळून बघायचं नाही, एवढंच तिला सुचलं.

"एकटीच आहे मी, बाबा," ती म्हणाली.

सायलोसीने कपाळावर हात धरून, उन्हातून डोळे किलकिले करून पाहिलं. त्याच्या तोंडावरचं हसू हळूहळू विरलं.

"भांडलात की काय?" त्याने विचारलं. "तिला म्हणावं, हात जरा सैल सोड. काय ते धरणं... बोटं बघ तुझी."

अकानिसीने डाव्या हाताकडे पाहिलं. चारही बोटं एकमेकांना चिकटून आवळली गेली होती, पांढरीफटक, आणि त्यांच्या टोकांना, खूप वेळ पाण्यात राहिल्यासारख्या, सुरकुत्या पडल्या होत्या.