हळदीचा धवला आणि दोन डिस्कची पेटी

खरं सांगायचं तर मी त्या दुकानात चार्जर घ्यायला शिरले होते. अष्टमीतलं कॉम्प्युटरचं छोटंसं दुकान, आणि काउंटरमागे एक मुलगा चष्मा कपाळावर सरकवून कुणाची तरी हार्ड डिस्क कानाला लावून ऐकत होता. डॉक्टर छाती तपासतात तसा. मला हसू फुटलं. त्याने वर पाहिलं आणि... तोही हसला. म्हणाला, "टकटक करतेय. म्हणजे थोडेच दिवस राहिले हिचे."

आमची डिस्क महिनाभर अशीच टकटक करत होती, आणि त्या डिस्कमध्ये माझी ठमा आत्या होती.

आत्या धवलारीण, लग्नविधींची गाणी म्हणजे धवले गाणारी. आमच्याकडे लग्नात भटजींइतकाच तिला मान. मांडवाला एक धवला, तेलवणाला दुसरा, हळदीला तिसरा... सगळे तोंडपाठ, कागदावर एक ओळ नाही. दहा वर्षं मी तिला मोबाईलवर टिपून त्या डिस्कवर ठेवत आलेय. आता तिचा आवाज बसत चाललाय. वर्षभर गाईल, पुढचं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. ती गायची थांबली की उरणार ते एवढंच. घरच्या टीव्हीवर कधीही लावता येईल असं ते मला कुठेतरी नीट ठेवायचं होतं.

हे सगळं मी त्या अनोळखी मुलाला उभ्या उभ्या सांगून टाकलं. माझ्या तोंडाला कुलूप नाही, हे आईचं म्हणणं खोटं नाही.

त्याचं नाव साईराज. रोज पेणहून गाडीने यायचा. दुसऱ्या कुणी सरळ व्हिडिओ साठवून घरच्या टीव्हीवर दाखवणारी एक पेटी गळ्यात मारली असती. हा प्रश्नच विचारत बसला. घरात एका वेळी किती जण बघणार? टीव्ही नवा की जुना? जुना असेल तर मोठे व्हिडिओ त्याला झेपत नाहीत, म्हणजे ते पेटीलाच बदलून पाठवावे लागणार. लाईट किती वेळा जाते? थंडीत फारशी नाही, म्हटलं. दुसऱ्या दिवशी टीव्हीचा नंबर लिहून नेला, तर याला राउटर कुठल्या खोलीत आहे ते हवं होतं. तिसऱ्या दिवशी ते सांगितलं, तर आत्याला रिमोट जमतो का, म्हणे. मला राग यायला हवा होता. पण मी ऋतुजा, जी रांगेत दोन मिनिटं उभी राहत नाही, ती कंपनीची शिफ्ट सुटली की आपली पूल ओलांडून अष्टमीला!

चौथ्या दिवशी पेटी ठरली. छोटी, दोन डिस्कची. जे एकीत तेच दुसरीत, एक गेली तरी दुसरी शाबूत.

"आणि दोन्ही गेल्या तर?" मी विचारलं.

"तुम्ही नेहमी वाईटच धरून चालता?"

"तुम्ही नेहमी हसूनच बोलता?"

त्याचे कान लाल झाले. मला काय बाई मौज वाटली त्याची!

रविवारी तो आमच्या घरी वरसेला येऊन पेटी लावून गेला. जाताना बजावलं, की कॉपी पुरी होईपर्यंत जुनी डिस्क बंद पडू देऊ नका, एकदा थांबली तर पुन्हा उठेलच असं नाही. मी मान डोलावली आणि घरात कुणाला सांगायचंच विसरले. सोमवारी आई आत्याला घेऊन वालाच्या शेंगा तोडायला शेतावर निघाली आणि जन्माच्या सवयीने तिने मेन स्विच खाली केला. आमच्या आळीत सगळ्याच बायका तेच करतात. घरात माणूस नाही तर लाईट कशाला?

संध्याकाळी बघते तर सगळं पेटीत आलेलं, फक्त हळदीचा धवला अर्धवट. आणि जुनी डिस्क गप्प.

मी तशीच दुकानात जाऊन त्याच्याशी भांडले. नको नको ते बोलले. त्याने डिस्क कानाला लावली, बराच वेळ ऐकलं, आणि खाली ठेवली.

"चूक माझी," तो म्हणाला. "लाईट किती वेळा जाते ते विचारलं. कोण घालवतं ते विचारलंच नाय."

चूक माझी होती हो. मला रडूच आलं.

तो दुकान लवकर बंद करून माईक घेऊन माझ्याबरोबर घरी आला. आत्यापुढे मांडी घालून बसला आणि धवला पुन्हा गायची विनंती केली. आत्याने त्याला आपादमस्तक न्याहाळलं.

"नवरी नाय, मांडव नाय. हळद कुणाला लावायची? लग्नाबिगर धवला गायचा नसतो, बाला."

मी समजावलं, आई समजावून थकली. आत्या ढिम्म. यंदा आमच्या भावकीत एकही लग्न नाही. पुढच्या वर्षी तिचा आवाज असेल की नाही, कुणी सांगावं...

साईराज माईकची वायर गुंडाळत राहिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "एक विचारू?"

"विचारल्याशिवाय कधी राहिलात?"

"तुझं कुठं ठरलंय?"

'तुम्ही'वरून थेट 'तुझं'... कुठेच नाही, म्हटलं मी.

"मग माझ्याशी—"

माझा पारा चढलाच. "एका गाण्यासाठी लग्न करायला निघालास?"

"गाण्यासाठी नाय." आता त्याने सरळ माझ्याकडे पाहिलं. "पेटी कुठली घ्यायची ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. बाकीचे प्रश्न... तू परत यावीस म्हणून काढले."

चार दिवस! आणि मी मेली रोज शहाण्यासारखी उत्तरं देत होते.

आई दारात उभी. आत्या पुढे वाकून कानामागे हात धरून बसलेली. मी हो म्हटलं. चांगलं मोठ्याने म्हटलं, कारण आत्याला कमी ऐकू येतं, आणि दुसऱ्यांदा म्हणायची मला लाज वाटली असती.