शटर पडण्याआधीची हाक

शटर पडल्याचा आवाज आला, पण त्याच्या आधीची हाक आली नाही.

वर्षाराणी चुलीपाशी पिठलं ढवळत होती. तिचा हात थांबला. आवाज ओळखीचाच होता. भिंतीपलीकडचं मागचं गोदाम, त्याचं गंजलेलं शटर, आधी कुरकुर आणि मग एकदम धाडकन. लहानपणापासून ती रोज संध्याकाळी हा आवाज ऐकत आलेली. पण रोज त्याच्या आधी एक हाक असायची. आज नव्हती. मग तिचं तिलाच आठवलं की कशी असेल? हाक देणारा माणूस आज दुपारीच चितेवर जळून राख झाला. तिनं पळी पुन्हा फिरवली, आणि तरी मानेवरून काहीतरी सरकत गेलं.

ही गोष्ट हरिसिंग काका सांगतात. रिसोडच्या धान्यबाजारात मालाची वाट पाहत पोरं ट्रकच्या फाळक्याला टेकून बसली की सांगतात, अंधार पडल्यावरच सांगतात, आणि सुरुवातीलाच बजावतात, "आयकीव नाही बरं हे. इंद्रभानच्या पोरीनं मले स्वोताच्या तोंडानं सांगतलं. ज्याले हासाचं हाय त्यानं आताच उठाव."

कोणी उठत नाही.

गेल्या सालची लाभपंचमी झाली, त्याच्या दुसऱ्या दिवसाची ही संध्याकाळ. सोयाबीनचा भर हंगाम. बाजाराच्या आवारात पाय ठेवायला जागा नाही, जिकडे तिकडे कट्टे, भरलेली पोती. आणि त्या दिवशी पहाटे हमालांच्या संघटनेचा पुढारी किशनभौ झोपेतच गेला. छाती धरली, पाणी मागितलं, पाणी येईपर्यंत संपला.

किशनभौ म्हणजे कोण हे रिसोडात सांगावं लागत नाही. तरी बाहेरच्यासाठी सांगायचं तर एवढंच. एके साली मागच्या गोदामात पोत्यांची थप्पी कोसळली, एक हमाल खाली सापडला. कोणाला पत्ता नाही. शटर ओढून सगळे घरी गेले. सकाळी उघडलं तेव्हा त्याच्या नखांत पोत्याची सुतळी होती. बिचारा रात्रभर ओरबाडत होता. तेव्हा किशनभौनं सगळ्या हमालांना घेऊन काम बंद पाडलं, ऐन हंगामात, आणि एकच गोष्ट मागितली: हाक दिल्याशिवाय गोदामाचं शटर पडणार नाही. व्यापारी हसले. चार दिवसांनी हसायचे थांबले. तेव्हापासून रोज संध्याकाळी किशनभौ प्रत्येक गोदामापुढं उभा राहायचा, एक हात शटरवर, आणि आत तोंड करून ओरडायचा, "राह्यलं का कोनी आतमंधी?" असं तीनदा. मधे थांबून कान द्यायचा. मग शटर. त्या हाकेला मस्करीतसुद्धा कोणी ओ दिली नाही कधी. आणि त्याच्याशिवाय दुसऱ्या कोणी ती हाक दिली नाही. कशाला देईल? भौ होता ना.

वर्षाराणीचा बाप इंद्रभान त्याच संघटनेतला. दुपारी मसणवटीतून आला, अंगावर पाणी घेतलं, ओट्यावर बसून राहिला. पोरीनं चहा पुढं केला तर म्हणाला, "त्याचा हुक म्याच ठेवला त्याच्या छातीवर. म्हटलं, घेऊन जाय बाप्पा. तिकडंबी पोतेच असतीन."

पोतं ओढायचा लोखंडी हुक, लाकडी मुठीचा. किशनभौचा हुक सगळ्यांना ठाऊक होता, कारण मुठीला त्यानं तांब्याची तार गुंडाळलेली.

तेवढ्यात सतीश आला. जवान हमाल, इंद्रभानच्याच टोळीतला. "काका, मांगच्या गोदामाले टरक लागला. डायव्हर उबा हाय. आपन दोघंच उतरवू, बाकीचे पेंडॉल बांधून राह्यले."

"आज?" वर्षाराणी म्हणाली. "आज कायले?"

"टरकले काय मालूम, कोन मेलं ते," इंद्रभान म्हणाला, आणि दुपट्टा खांद्यावर टाकून गेला.

पिठलं झालं. बाप आला नाही. माय भाऊबीजेला माहेरी अनसिंगला गेलेली, घरात ती एकटी. उंदीर सळसळला तरी दचकणारी पोर. कॉलेजात पोरी तिला मुद्दाम मागून येऊन भो करायच्या. तिनं बापाला फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. पुन्हा लावला. बाहेर शोकसभेचे भोंगे सुरू झाले होते, देशभक्तीची गाणी लागली होती, कुठं फोन वाजतोय आणि कुठं नाही हे देवालाही कळलं नसतं. सभेतच असेल, तिनं मनाला समजावलं. दुधाची कॅटली घेतली. दूधही आणू, बापालाही घेऊन येऊ. कुलूप लावताना चावी दोनदा खाली पडली.

बाजाराच्या मोठ्या दरवाज्यापुढं चौकात मांडव पडला होता. माणूस माणसाला खेटून. डोक्यावर एवढं मोठं बॅनर, भावपूर्ण श्रद्धांजली. कोपऱ्यात किशनभौ, आणि मधे शोक करणाऱ्यांचे फोटो, एकेकाचा चेहरा भौपेक्षा मोठा. चहावाला ग्लास विसळताना कोणाला तरी म्हणत होता, "पाह्य ना, मेला तो कोपऱ्यात अन् जिते मधात."

"काहून बोलतं लेका, आयकतीन."

"आयकू दे. भौ जिता होता तवा हेच लोक मले इचारत, तो येऊन राह्यला का रे, मंग मागच्या गल्लीनं जात."

पोरं मोबाईल वर धरून स्टेजचं शूटिंग करत होती. दुकानांची शटरं अर्धी खाली होती, आत अर्ध्या उजेडात गिऱ्हाईक सुरूच. स्टेजवर माणिकचंद शेठ हात जोडून बसले होते, मागचं गोदाम त्यांचंच. त्यांचे डोळे खरंच ओले होते. चार दिवस हसून मग थांबलेल्यांत तेही होते, पण त्या संपानंतर वीस दिवाळ्या भौ त्यांच्याकडं फराळाला गेलेला. भाषण करणारा म्हणत होता की कामगार पोरका झाला, पोकळी निर्माण झाली. मांडवातून आवाज उठला,

"किशनभौ!"

"अमर रहे!"

वर्षाराणी दचकली, कॅटलीचं झाकण घरंगळत गेलं.

धान्य चाळणारी रामीबाई बायांच्या घोळक्यात बसून डोळे पुसत होती. तिच्या कानाशी वाकून वर्षाराणीनं विचारलं, "मावशे, बाबाले पाह्यलं का?"

"असन माय इथंच. रडत असन कुठी तरी." रामीबाईनं तिचा हात धरून खाली ओढलं. "बस. आज कोनाले शोधाचं नसते. आज समदेच हरपले."

"फोन उचलत नाहीत वं ते."

"कोन उचलते आज फोन?"

तिनं हात सोडवून घेतला. हरीओम हमाल भेटला, मिशीवर राख तशीच. तो म्हणाला, "पुढं असन." पुढं गेली. पुढच्यानं म्हटलं, "मांगं असन." जो तो दुःखात होता, खोटं कोणाचंच नव्हतं. आणि जो तो भौबद्दलच बोलत होता. माह्या पोरीच्या लग्नात भौनं अशी बाजू घेतली, माह्या पायावर कट्टा पडला तवा भौनं दवाखान्यात नेलं. कोणाचं बोलणं मधेच तोडून विचारायचं तर कसं? ती तोडत होती, माफी मागत होती, पुढं सरकत होती.

स्टेजच्या पायाशी सतीश उभा होता. भौचा हाराचा फोटो दोन्ही हातांनी छातीशी धरून. त्याला तेच काम दिलं होतं.

"सतीशदादा, बाबा कुठी हायेत?"

"आले असतीन ना."

"तुमच्यासंगं नाही आले?"

"मी भायेर पाण्याले गेलो. तवाच मांडववाल्यायनं बलावलं मले, फोटो धराले चाल मने. म्या शटर ओढलं, कुलूप घातलं अन् पळालो. काका माह्या आधीच निंघाले असतीन."

"पाह्यले का तुमी निंघताना?"

त्यानं फोटो छातीशी आणखी घट्ट धरला.

"दादा... शटर पाडाच्या आधी हाक देली होती का?"

"हाक..." सतीश फोटोकडं पाहत म्हणाला, "हाक तं भौ देत होते ना."

भोंग्यातून आवाज आला, सर्वांनी जागेवर उभं राहावं, दोन मिनिटं मौन.

आणि सगळं बंद झालं. गाणी, घोषणा, चहावाल्याचे ग्लास. एवढा जमाव, माना खाली.

"चावी द्या," वर्षाराणी कुजबुजली.

"खिशात हाय..." त्याचे दोन्ही हात फोटोत अडकलेले, मागून माणसं दाटलेली, समोर स्टेजवर शेठ डोळे मिटून. "दोन मिनिटं. मौन झालं का आलोच."

"दादा, माहा बाप..."

"श्श!" मागून कोणीतरी.

तिनं वर पाहिलं. कोणीच तिच्याकडं पाहत नव्हतं. सगळे किशनभौसाठी उभे होते.

ती वळली. माणसांच्या मधून, कोपरं लागत, एका म्हाताऱ्यानं ओठांवर बोट ठेवून तिच्याकडं रागानं पाहिलं. मोठा दरवाजा उघडाच होता. आवारात दिवा एकच, तोही लांब. पोत्यांच्या रांगा दोन्ही बाजूंनी. रोजची वाट. आज संपत नव्हती.

मागचं गोदाम.

शटर खाली. कुलूप.

अर्धा चंद्र पत्र्यावर आलेला. त्या उजेडात ती उभी राहिली. धापा टाकत. मग मोबाईल काढला. बापाचा नंबर लावला.

कानात रिंग.

आणि... आत.

शटरच्या पलीकडं. खोल. पोत्यांच्या खालून यावा तसा दबलेला. बापाचा फोन.

वाजत होता.

इथं हरिसिंग काका थांबतात. पोरं फाळक्यावरून पाय वर घेतात. एखादा विचारतो, "मंग?" काका म्हणतात, "थांब जरा." आणि दूर कुठं कुत्रं भुंकत असेल तर ते थांबेपर्यंत बोलत नाहीत.

"बाबा!" वर्षाराणी ओरडली. पत्र्यावर हात आपटले. "बाबा!"

काही नाही. नुसता फोन.

तिनं शटर वर ओढलं. कुलूप खणखणलं. बोटं सोलली. मागं चौकात माणसांचा समुद्र होता, आणि एक आवाज नाही. कोणी येत नव्हतं. दोन मिनिटं कोणी येणार नव्हतं.

मग तिला काय झालं कोण जाणे. तिनं एक हात शटरवर ठेवला. तसाच. रोज भिंतीवरून पाहिलेला.

"राह्यलं का कोनी आतमंधी?"

आवाज तिचा तिलाच परका वाटला.

कान दिला.

काही नाही.

फोन बंद झाला. तिनं पुन्हा लावला. आत पुन्हा वाजू लागला.

"राह्यलं का कोनी... आतमंधी?"

काहीतरी हललं.

पोत्यावरून नाही. फरशीवरून. लोखंड ओढत आणावं तसं. हळू... तिच्याकडं... अगदी शटरच्या पलीकडं येऊन थांबलं.

ती मागं झाली नाही. पाय हललेच नाहीत.

खालच्या फटीतून काहीतरी बाहेर सरकलं. तिच्या पायाशी.

तिनं मोबाईलचा उजेड पाडला.

हुक.

लोखंड काळं पडलेलं. लाकडी मूठ नव्हती, जळून गेलेली. मुठीच्या जागी तांब्याची तार होती, गुंडाळीच्या गुंडाळी तशीच. त्यात राख.

तिनं बोट लावलं आणि झटक्यानं मागं घेतलं. चटका बसला.

आत फोन वाजतच होता.

आता फक्त तिसरी हाक उरली होती. द्यावी का? न द्यावी तर... बाप. द्यावी तर... ओ कोण देईल?

"राह्यलं..." तिनं तळहात पुन्हा पत्र्यावर टेकवला. "राह्यलं का कोनी..."

आतली रिंग तुटली.

कोणीतरी फोन उचलला होता.

तिनं मोबाईल कानाला लावला. आधी नुसता श्वास. मग तो आवाज, जो लहानपणापासून रोज संध्याकाळी भिंतीपलीकडून यायचा, जो आज आला नव्हता. बापाचा नव्हे.

"हाव पोरी," किशनभौ म्हणाला. "आमी दोघं राह्यलो."