उजवीकडचा जिना

मी जे लिहिते आहे ते माझ्या बाबतीत घडलेलं आहे. ऐकीव नाही, कोणाच्या मैत्रिणीच्या मैत्रिणीचं नाही.

आणि ते रात्री घडलं नाही. मंगळवार होता. दुपारचे पावणेचार. थंडीचे दिवस होते, पण लख्ख ऊन पडलं होतं.

आधी माझ्याबद्दल थोडं सांगते. मी लिफ्ट तपासते. साखळ्या, दोर, ब्रेक, कुलपं हेच माझं रोजचं काम. त्यामुळे यंत्राला मी सहसा घाबरत नाही. सुट्टीच्या दिवशी लोक डोंगरावर जातात, मी रोलर कोस्टरवर बसायला जाते. अकरा वर्षांत बेचाळीस कोस्टर झाले. प्रत्येकाला दहापैकी गुण देते. नवरा म्हणतो, हे वेड आहे. असेल.

माझी मतं ठाम आहेत. बसायचं तर शेवटच्या रांगेत, कारण उतारावर खरी ओढ तिथेच लागते. उलटंपालटं करणाऱ्या राईड मला फुसक्या वाटतात. दोनदा डोकं खाली, की संपली गंमत. चढावर भोंग्यातून गाणी लावत असतील तर मी सरळ एक गुण कापते. अहो, चढावर साखळीचा आवाजच ऐकायचा असतो! आणि लाकडी कोस्टरची सर लोखंडी कोस्टरला नाही. लाकडी कोस्टर अंगाखाली थरथरतो. जिवंत वाटतो.

तर असाच एक जुना लाकडी कोस्टर महिनाअखेरीला पाडणार आहेत, असं मला कळलं. बेचाळिसात तो नव्हता. मी अस्वस्थ झाले.

त्या दिवशी सोबत यायला कोणी नव्हतं. मग मी धाकट्या बहिणीला गळ घातली. तिला मी छोटी म्हणते. वय एकोणतीस, दातांच्या दवाखान्यात फोन घ्यायचं काम करते, आणि साध्या झोक्यावरही डोळे मिटून घेते.

"ताई, मी खाली उभी राहीन. तुझी पर्स धरीन," ती म्हणाली.

"पर्स धरायला कपाट आहे तिथे. एकदाच बस. माझ्यासाठी."

हे 'माझ्यासाठी' मी म्हणायला नको होतं.

पार्क जवळजवळ रिकामं होतं. फलाटावर चष्मा लावलेल्या एक जाड्या बाई बटणांपाशी बसल्या होत्या. गाडीला सहा रांगा, प्रत्येक रांगेत दोन सीट. आम्ही दोघीच.

आम्ही शेवटच्या रांगेत बसलो. मी उजवीकडे, छोटी डावीकडे.

इथे प्रत्येक सीटचा दांडा वेगळा होता. मांडीवर खाली ओढायचा, की खट्कन बसतो. बाईंनी रिकाम्या सीटचेही दांडे खाली केले. तसा नियमच असतो. मग त्या बटणांपाशी गेल्या आणि गाडी निघाली.

चढ सुरू झाला. खट... खट... खट... साखळीचा आवाज. मी खूश. छोटीने डोळे मिटले होते.

माथा साधारण पाच हातांवर राहिला.

आणि गाडी थांबली.

"झालं?" छोटीने डोळे न उघडता विचारलं.

"नाही गं. अडकली. असं होतं कधीकधी. आता फिटर जिन्याने वर येईल, सीटच्या मागे किल्ली घालून एकेक दांडा उघडेल आणि आपल्याला चालत खाली नेईल. घाबरायचं काही नाही."

खरंच काही नव्हतं. मी स्वतः तीनदा अशी अडकले आहे.

मी दांडा उचलून पाहिला. हलला नाही. बरोबरच होतं, हलायला नकोच होता. पण गाडी चढावर तिरकी, आपण पाठीवर रेललेले, मांड्यांवर लोखंड... कितीही सवय असली तरी छाती जड होतेच.

समोर फक्त आकाश दिसत होतं.

मी मान वळवून खाली पाहिलं. लहान मुलांचा घोड्यांचा पाळणा फिरत होता. चढताना त्याचं संगीत ऐकू येत होतं.

आता ते ऐकू येत नव्हतं.

पाळणा फिरत होता. घोडे वरखाली होत होते. आवाज मात्र नाही. वारा नाही. खालून कोणाची हाक नाही.

"ताई, किती वेळ?"

तिचा आवाज तेवढा ऐकू आला. आणि मग...

खट्.

सगळ्यात पुढच्या रांगेतला दांडा उघडल्याचा आवाज.

"बघ, आले फिटर. माथ्याकडून आले वाटतं," मी म्हणाले.

मग पावलं. लाकडी पायरीवर एखादा उतरतो तशी. जड, सावकाश. आमच्या बाजूने गेली आणि खाली खाली विरली.

मी वाट पाहिली. कोणी दिसलं नाही. पुढच्या सीटच्या पाठी उंच होत्या, त्यामुळे दिसत नसेल, असं मी मनाशी म्हटलं.

खट्.

दुसरी रांग. पुन्हा पावलं. या वेळी हलकी, भरभर.

"पुढे कोणी बसलंय का?" छोटीने विचारलं.

"नाही."

"मग उतरतंय कोण?"

मी मान उंच करून पुढे पाहिलं.

खट्. तिसरी. खट्. चौथी. दर वेळी कोणीतरी उतरत होतं, आमच्या शेजारून जात होतं. एकाला धाप लागली होती, तीही मी ऐकली. दिसत मात्र कोणीच नव्हतं.

मी ओरडले. "ओ! कोणी आहे का? आम्ही मागे आहोत!"

माझा आवाज मलाच कापसात गुंडाळल्यासारखा वाटला.

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं...

जिना उजवीकडे होता. माझ्या हाताशी. त्याचा कठडा मला दिसत होता.

पावलं डावीकडून जात होती.

डावीकडे काही नव्हतं. लाकडाच्या तुळया, आणि त्यांच्याखाली तीस मीटर मोकळी हवा.

खट्.

पाचवी रांग. आमच्या अगदी पुढची.

मी दोन्ही हातांनी दांडा वर ढकलू लागले. आयुष्यभर कुलपं घट्ट बसलीयत ना हे तपासणारी मी, आता हे एक कुलूप उघडावं म्हणून जीव काढत होते.

खट्.

माझा नाही. छोटीचा.

तिचा दांडा सावकाश वर गेला. आपोआप.

छोटी डोळे उघडून डावीकडे बघत होती. आणि हसली. अगदी सुटल्यासारखी.

"हो, आले," ती म्हणाली.

मला नाही. डावीकडे बघून.

ती उठली. तिने एक पाय सीटबाहेर टाकला... त्या मोकळ्या हवेत.

मी तिचं मनगट पकडलं. दांड्यामुळे मला कमरेत वळताही येत नव्हतं. एक हात तेवढा पोहोचत होता.

"छोटे! बस खाली! तिकडे जिना नाहीये!"

तिने वळून माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर जी भीती होती, ती मी विसरू शकत नाही. ती किंचाळली. हात सोडवायला झटके देऊ लागली. मग खाली वाकून ती माझ्या हाताला कडकडून चावली.

रक्त आलं. मी सोडलं नाही.

किती वेळ गेला कोण जाणे. माझी बोटं बधिर झाली होती. तिचं अर्धं अंग बाहेर होतं.

"बाई! सोडू नका! धरून ठेवा!"

उजवीकडून आवाज आला. खराखुरा, धापा टाकणारा. निळ्या कपड्यातले फिटरकाका जिना चढून आले होते. त्यांनी माझ्या अंगावरून झेपावून छोटीला दंडाला धरून आत ओढलं. त्याच क्षणी खालून घोड्यांच्या पाळण्याचं संगीत कानावर आदळलं.

"हिचा दांडा कोणी उघडला?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही पुढून उघडत येत होतात ना?"

"मी आत्ता येतोय. किल्ली ही माझ्या गळ्यात आहे."

त्यांनी माझा दांडा उघडला. मी उभी राहून पुढे पाहिलं. पाचही रांगांचे दांडे खाली होते. घट्ट बसलेले.

खाली आल्यावर कार्यालयात आम्हाला पाणी दिलं, माझ्या हाताला पट्टी बांधली. मी काकांना बाजूला घेऊन विचारलं, "इथे पूर्वी काही झालं होतं का? खरं सांगा."

"सतरा वर्षं मी इथे आहे, बाई. साधं खरचटलंसुद्धा नाही कोणाला," ते म्हणाले. आणि ते खोटं बोलत नव्हते. खोटं बोलणारे फिटर मी रोज बघते, मला कळतं.

तो कोस्टर पाडला. मी त्याला गुण दिले नाहीत. त्यानंतर मी एकाही राईडवर बसले नाही.

छोटी त्या दिवसाबद्दल बोलायची नाही. माझ्याकडे यायची नाही. मला वाटलं, मीच जबरदस्तीने बसवलं म्हणून रागावली असेल. दीड महिन्याने मी तिच्या घरी गेले. ती स्वयंपाकघरात कपड्यांच्या घड्या घालत होती. मी माफी मागितली.

"तो राग नाहीये," ती म्हणाली. हातातल्या टॉवेलची तिने तीनदा घडी घातली, तीनदा मोडली. "ताई, तू आधीच उतरली होतीस."

"म्हणजे?"

"तुझा दांडा आधी उघडला. तू माझ्या अंगावरून पलीकडे गेलीस. डावीकडे जिना होता, त्यावर उभी राहिलीस. हात पुढे केलास. म्हणालीस, चल गं छोटे, किती घाबरतेस."

मी तिच्या मनगटाकडे बोट केलं.

"मग तुझं मनगट कोणी धरलं होतं?"

तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

"तेच तर... तुझ्या जागेवर जे बसलं होतं, त्याने."

मी हसायचा प्रयत्न केला. "अगं वेडे, ती मीच होते. हा बघ चाव्याचा वण."

"हो. असेल," ती म्हणाली. आणि माझ्यापासून एक पाऊल मागे सरकली.

हल्ली ती फोन करते. अगदी सहज बोलल्यासारखं करते आणि मध्येच काहीतरी विचारते. शाळेच्या बसच्या ड्रायव्हरला आपण काय चिडवायचो? आईच्या कोणत्या कानातलं हरवलं होतं, डाव्या की उजव्या? मला कळतं ती काय करते आहे. मी राग न धरता उत्तरं देते. सगळी बरोबर येतात.

परवा तिने विचारलं, "लहानपणी मी आजारी असताना तू रोज रात्री मला एक गोष्ट सांगायचीस. महिनाभर, एकच. कोणती गं?"

मी तोंड उघडलं...

काहीच आठवलं नाही. गोष्ट नाही, तिचं आजारपण नाही, ती खोली नाही.

पलीकडे ती श्वास रोखून ऐकत होती. मग तिने फोन ठेवला.

इतकी जुनी गोष्ट कोणीही विसरेल. नवराही तेच म्हणतो.

आज तिसरा दिवस आहे. मी रोज आठवून बघते.

अजून आठवलेलं नाही.