फियाटचं डावं दार

आमच्या घरात आत्मा मानत नाहीत. हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं वाचून म्हणाल, हिच्यावरून कुणीतरी लिंबू उतरवा.

बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेलं घर आमचं. भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्या पाहुण्याला माझे बाबा, सीताराम, चहासुद्धा विचारायचे नाहीत. त्यांचं एकच म्हणणं... कारणाशिवाय काही घडत नाही.

तरी हे घडलं. विश्रांतवाडीत, आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, २००५ च्या डिसेंबरात. आणि रात्री नाही... सकाळी, दूधवाला येऊन गेल्यावर.

बाबांकडे जुनी फियाट होती. कार्बोरेटरवाली. थंडीत चोक ओढल्याशिवाय चालू व्हायची नाही, आणि ओढला की अशी रेस व्हायची की आमच्या तिसऱ्या मजल्यावर भांडी वाजायची.

माझा धाकटा भाऊ धम्मदीप, आमचा दीपू, हिंजवडीला नोकरीला लागला. त्याला कंपनीच्या बसच्या स्टॉपवर सोडायचं काम बाबांनी हौसेनं घेतलं. ते आधी खाली जाऊन गाडी गरम करायचे. तो आवाज ऐकला की दीपू उरलेला चहा घशात ओतून जिना उतरायचा. गाडीचं डावं दार एका ओढीत लागायचं नाही. धप्प... मग पुन्हा जोरात, धप्प. तो नीट बसला की बाबा चोक आत ढकलायचे. रेस उतरायची, गाडी निघायची.

सोसायटीच्या फळ्यावर कुणीतरी लिहिलंही होतं, "गजराबद्दल आभार. रविवारी सुट्टी घ्यावी."

त्या पावसाळ्यात दीपूला डेंग्यू झाला. आठवड्याच्या आत तो गेला.

बाबा रडले नाहीत. गाडीवर कव्हर घातलं, आणि ते काढलंच नाही.

मग डिसेंबरातल्या एका सकाळी मला जाग आली... भांडी वाजत होती.

शाल गुंडाळून खाली गेले. बाबा गाडीवरचं कव्हर काढून, ती चालू करून, बॉनेट उघडून उभे. चोक आत ढकललेला, इंजिन चांगलं तापलेलं. तरी रेस उतरत नव्हती.

"टॉर्च धर," बाबा म्हणाले.

त्यांचा जन्म कारखान्यात मशिनी दुरुस्त करण्यात गेला होता. चोकची वायर अडकली असेल म्हणून त्यांनी ती सोडवून पाहिली. अडकली नव्हती. अ‍ॅक्सिलरेटरची स्प्रिंग बदलली. रेस तशीच. कार्बोरेटरच्या पॅकिंगमधून हवा ओढत असेल म्हणून कडेनं ऑइल सोडलं. हवा जात असती तर आवाज बदलला असता. बदलला नाही. शेवटी आयडलिंगचा स्क्रू पूर्ण मोकळा केला.

आता बंदच पडायला हवी, बाबा पुटपुटले.

पडली नाही.

हे रोज चाललं. धुरात उभं राहून त्यांचा दमा वाढला. मी म्हणायची, विकून टाका ही गाडी. ते म्हणायचे, कारण सापडू दे. ही गाडी बाबांचा जीव घेणार असं मला वाटायला लागलं होतं.

एके सकाळी आम्ही दोघं बॉनेटवर वाकलो होतो. पार्किंगमध्ये तिसरं कुणी नव्हतं.

आणि...

धप्प.

मग पुन्हा, जोरात... धप्प.

रेस उतरली.

बाबांनी फडक्याला हात पुसले. बॉनेट लावलं.

"कारण सापडलं," इतकंच म्हणाले.

गाडीत बसले आणि स्टॉपपर्यंत जाऊन आले. एकटेच... असं मी म्हणते.

त्यानंतर पाने-स्क्रू ड्रायव्हर त्यांनी हातात घेतले नाहीत. रोज गाडी चालू करायची, दार वाजायचं, रेस उतरायची. मी गॅलरीतून बघायची. डावी सीट रिकामीच दिसायची. पण बाबा हसत असायचे. दीपू गेल्यापासून पहिल्यांदा. मग गाडी विका असं कुठल्या तोंडानं म्हणणार?

जानेवारीत दम्यानं त्यांना अंथरुणाला खिळवलं.

"शर्मिला, गाडी तेवढी गरम करत जा," ते म्हणाले. "तो खोळंबेल."

मी रोज खाली जाऊन बसायची. रेस व्हायची, उतरायची नाही. खोटं सांगायची सोय नव्हती, त्यांना खिडकीतून सगळं ऐकू यायचं. मी वर आले की ते एकदा माझ्याकडे बघायचे आणि भिंतीकडे तोंड वळवायचे. ते मला बघवायचं नाही. देवबिव मानत नाही, नाहीतर नवस बोलले असते.

मग ती सकाळ. मी ड्रायव्हरच्या सीटवर होते, डोळे मिटून.

धप्प...

धप्प.

शेजारची सीट जराशी दबली.

आणि रेस उतरली.

मी वळून बघितलं नाही. पण भीती नाही वाटली, खरंच सांगते. आनंद झाला. बाबांना सांगायचं म्हणून गाडी तशीच चालू ठेवून मी जिन्यानं वर धावले.

बाबा गेले होते.

तोंड भिंतीकडे नव्हतं... खिडकीकडे होतं. हात अजून कोमट होता.

तो हात धरून मी बसले होते, तेव्हा स्वयंपाकघरात भांडी वाजायला लागली. खाली रेस पुन्हा चढत होती.

गाडी मी विकलेली नाही. रेस आजही उतरत नाही. हिंदुराव मेकॅनिकनं हात टेकले. म्हणतो, ताई, हिच्यात बिघाड काहीच नाही. डावं दार त्या दिवसानंतर कधी वाजलं नाही.

आत्मा मी अजूनही मानत नाही.

पण त्या सकाळी माझ्या शेजारी येऊन कोण बसलं होतं... दीपू, की बाबा?

कुणी का असेना. दार लावून, निघायच्या तयारीनं बसलं होतं. त्याला फक्त स्टॉपपर्यंत सोडायचं होतं.

आणि मी त्याला तिथेच बसवून वर पळाले.