वकीलबाईंच्या गाडीतला रेडिओ

वकीलबाईंची जुनी गाडी तिसऱ्यांदा दोरीला बांधून घरच्या गॅरेजात आली. सासऱ्यांनी सुनेला आधीच बजावलं होतं, आता बंद पडली तर गाडीचे दोष शोधणारा स्कॅनर धाकट्या दिराच्या हातात.

सकाळी तिने स्कॅनर जोडला. गाडी एका झटक्यात सुरू झाली. पण गाडीच्या कॉम्प्युटरची मेमरी कोरी होती.

"भर चौकात बंद पडली आणि आत एकही नोंद नाही?" सासरे म्हणाले.

वकीलबाईंनी आत बसून रेडिओ लावला आणि वैतागल्या. "काल चौकापर्यंत गाणी ऐकत आले. आज एक स्टेशन जागेवर नाही!"

सून थबकली. तिने बॉनेट उघडलं. बॅटरीच्या टर्मिनलवरचा हिरवा थर ताजा खरवडलेला होता. सगळ्या इंजिनावर धूळ, फक्त एका सेन्सरच्या प्लगवर बोटांचे ठसे.

"रात्री गाडीला हात कुणी लावला?"

"मी नाही, वहिनी," धाकटा दीर म्हणाला.

"मी कशाला लावू?" नवरा म्हणाला.

"फाटकाची किल्ली तुम्हा दोघांकडेच असते."

सासऱ्यांनी धाकट्याकडे रोखून पाहिलं. स्कॅनरवर त्याचा डोळा होता, हे घरात कुणापासून लपलेलं नव्हतं.

"भाऊजी नाहीत," सून म्हणाली. "मागच्या वेळी गाडी इथे असताना कुणीतरी हा प्लग सैल केला, म्हणून ती बंद पडली. रात्री तो परत घट्ट बसवला आणि मला काही सापडू नये म्हणून मेमरी पुसली. स्कॅनर उघड्यावर खिळ्याला टांगलेला असतो. त्याचं एक बटण दाबलं की दोषांच्या नोंदी पुसल्या जातात, रेडिओला धक्काही लागत नाही. भाऊजी ते झोपेतही दाबतील. पण इथे बॅटरीची वायर काढली. या जुन्या गाड्यांत तशीही मेमरी जाते, पण सोबत रेडिओची स्टेशनंही जातात. ज्याने स्कॅनरला कधी बोट लावलं नाही, तोच असं करणार."

ती नवऱ्याकडे वळली. त्याने पाना खाली ठेवला.

"हो, केलं. गिऱ्हाईक माझ्यासमोर उभं राहून 'ताई आहेत का' विचारतं. जीव जळतो माझा!"

"आणि स्कॅनर भाऊजींकडे गेला असता तर?"

"चाललं असतं. तो भाऊ आहे."

स्कॅनरचा विषय सासऱ्यांनी पुन्हा काढला नाही. सून वकीलबाईंशेजारी बसून एकेक स्टेशन परत लावू लागली.

फाटकातून दुसरी जुनी गाडी आत आली. चालकाने काच खाली केली.

"ताई आहेत का?"

नवरा पुढे झाला.

"आहे," तो म्हणाला. "बोलावतो."